घरातील फरशीखालील विद्युत-तापन : तत्त्व, उभारणी आणि वापर

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या गरजांचा उल्लेख आपण नेहमी एका दमात करतो. परंतु निवाऱ्याचा विचार मात्र बहुधा भिंती आणि छप्पर यांच्यापाशीच थांबतो. घराची जमीन ही गृहीत धरलेली बाब असते. वस्तुतः मराठी कुटुंबाचा घरातील वावर फार मोठ्या प्रमाणात जमिनीवरच घडतो. पंगत, पूजा, भाजी निवडणे, पाहुण्यांसाठी गाद्या अंथरणे, मुलांचे रांगणे, वडीलधाऱ्यांची दुपारची वामकुक्षी हे सारे जमिनीच्या आधाराने चालते. त्यामुळे जमीन गार आहे की उबदार, हा प्रश्न खुर्ची-पलंगावर राहणाऱ्या समाजापेक्षा आपल्या अधिक निकटचा आहे.

युरोप व उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशांत घराच्या फरशीखाली विजेची तार अंथरून जमीन उबदार ठेवण्याची पद्धत चांगलीच रूढ आहे. गेल्या दोन-अडीच दशकांत मराठवाड्यातील अनेक कुटुंबांतील मुले-मुली शिक्षण व नोकरीच्या निमित्ताने त्या देशांत गेली. मुलीच्या किंवा सुनेच्या बाळंतपणासाठी, नातवंडे सांभाळण्यासाठी आई-वडील तेथे चार-सहा महिने राहून येतात आणि परतल्यावर 'तिकडे न्हाणीघरातली फरशीसुद्धा गरम असते' असे कौतुकाने सांगतात. अशा तापक चटया आता भारतीय बाजारातही मिळतात. साहजिकच ही यंत्रणा नेमकी काय आहे, ती कशी बसवावी, तिचा खर्च किती आणि आपल्या राहणीला ती कितपत मानवते, हे प्रश्न सुशिक्षित वर्तुळात विचारले जाऊ लागले आहेत. प्रस्तुत लेखात या प्रश्नांचे विवेचन केले आहे. लेखातील मुख्य प्रतिपादन असे की, या यंत्रणेचे यशापयश तापणाऱ्या तारेवर फारसे ठरत नाही. तारेच्या खाली काय घातले आहे आणि फरशीच्या वर काय ठेवले जाते, या दोन गोष्टींवर ते ठरते. दुसरी गोष्ट मराठी घराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे आणि तिची चर्चा माहितीपुस्तिकांत अगदी दोन ओळींत उरकलेली असते.

पूर्वपीठिका

जमीन तापवण्याची कल्पना जुनी आहे. रोमन स्नानगृहांत विटांच्या बुटक्या खांबांवर फरशी उचलून धरलेली असे आणि भट्टीतील तप्त वायू त्या पोकळीतून खेळवला जाई, इ. स. पूर्व पहिल्या शतकातील वास्तुशास्त्रज्ञ विट्रुव्हियस याने या रचनेचे वर्णन केले आहे. काश्मीरमधील मशिदींत आणि काही घरांत दगडी लाद्यांच्या खाली लाकडे जाळून तापवला जाणारा हमाम हा याच कुळातला. मराठवाड्यातील वाचकांना 'हमाम' हा शब्द दौलताबादच्या किल्ल्यातील हमामखान्यामुळे परिचित आहे. परंतु तो स्नानाचा, तर काश्मिरी हमाम हा मुख्यतः बसण्याचा आणि नमाजाचा.

या सर्वांत आपल्याला सर्वांत जवळचे उदाहरण कोरियातील 'ओंडोल'चे आहे. चुलीतील धूर व उष्णता दगडी लाद्यांखालील वाटांतून नेऊन खोलीच्या दुसऱ्या टोकाला धुराड्यातून बाहेर सोडावयाची, अशी ती रचना. कोरियन माणूस जमिनीवर बसतो, जमिनीवर जेवतो आणि परंपरेने जमिनीवरच झोपतो. म्हणजे तेथे जमीन तापवणे ही चैन नव्हती, राहणीचा तो पाया होता. विसाव्या शतकात लाकडाऐवजी कोळशाच्या विटा वापरात आल्या. लाद्यांच्या फटींतून खोलीत शिरणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूने त्या काळात हजारो लोक झोपेत मृत्युमुखी पडले. पुढे गरम पाण्याचे नळ आणि विजेचे पत्रे आल्यावर हा धोका मागे पडला. दक्षिण कोरियाने २०१८ मध्ये ओंडोल संस्कृतीला राष्ट्रीय अमूर्त वारशाचा दर्जा दिला. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांना जपानमध्ये असताना एका कोरियन पद्धतीच्या खोलीचा अनुभव आला होता; त्यातून त्यांनी १९३७ च्या सुमारास विस्कॉन्सिनमधील जेकब्स यांच्या घरात काँक्रीटच्या जमिनीखाली नळ घालून ही कल्पना आधुनिक घरात आणली.

विजेच्या तारेचा वापर मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरचा. १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये रात्री मागणी कमी असताना वीज स्वस्त दराने मिळे. त्या वेळी जाड काँक्रीटमध्ये तारा पुरून ते रात्रभर तापवावयाचे आणि दिवसा त्याची ऊब घ्यावयाची, अशी योजना अनेक बहुमजली वसाहतींत झाली. लंडनच्या बार्बिकन वसाहतीतील सुमारे २००० सदनिकांत हीच रचना करण्यात आली. तिचा उल्लेख येथे मुद्दाम केला आहे. कारण आजच्या पातळ चटईचे तत्त्व याच्या अगदी उलट आहे, हे पुढे दिसेल.

फरशी गार का लागते?

हिवाळ्याच्या पहाटे शहाबादी फरशीवर पाय ठेवला की शहारा येतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तितका येत नाही आणि लाकडी पाटावर तर जवळजवळ नाहीच. तापमापक लावला, तर तिन्हींचे तापमान सारखेच भरेल. पाय फरशीला टेकताच दोन्हींच्या सीमेवर एक मधले तापमान तयार होते आणि त्वचेला जाणवते ते हे मधले तापमान. दगड उष्णता झपाट्याने ओढून घेतो, म्हणून ते दगडाकडे झुकते. लाकूड उष्णता सावकाश घेते, म्हणून ते पायाकडे झुकते. तळपाय ३० अंश आणि जमीन १८ अंश सेल्सिअस धरली, तर पदार्थांच्या नेहमीच्या गुणांकांनुसार दगडावर हे सीमेचे तापमान सुमारे साडेबावीस, मातीच्या कोरड्या जमिनीवर सुमारे पंचवीस आणि हलक्या लाकडावर सुमारे सत्तावीस अंश येते. धाब्याच्या, म्हणजे माळवदाच्या घरांतून सिमेंटच्या घरांत आलेल्या म्हाताऱ्या माणसांची 'ही फरशी बाधते' ही तक्रार या हिशोबात बसते.

जमिनीचे तापमान किती असावे, याविषयी आंतरराष्ट्रीय मानके १९ ते २९ अंश ही मर्यादा देतात. पण ही मर्यादा घरात पादत्राणे घालणाऱ्यांसाठी आहे. अनवाणी पायांसाठी डेन्मार्कचे संशोधक बी. डब्ल्यू. ओलेसेन यांनी १९७० च्या दशकात स्वतंत्र अभ्यास केला. त्यानुसार सतरंजीसारख्या कापडी आच्छादनावर २१ ते २८ अंश सुखद वाटतात, तर काँक्रीटच्या जमिनीला त्यासाठी २६ ते २८.५ अंशांपर्यंत तापावे लागते. याचा सरळ अर्थ असा की, घरात अनवाणी वावरणाऱ्याला साधी सतरंजी अंथरून जमिनीच्या तापमानातील पाच अंशांची मागणी कमी करता येते. वीज न वापरता मिळणारी ही पाच अंशांची सूट पुढच्या खर्चाच्या हिशोबात विसरू नये.

यंत्रणेचे अंतरंग

विद्युत-तापनाची यंत्रणा रचनेने साधी आहे. इस्त्रीत किंवा पाणी तापवण्याच्या रॉडमध्ये जे घडते, तेच येथे सौम्यपणे व पसरून घडते. ठरावीक रोध असलेली तार, तिच्याभोवती विद्युतरोधक आवरण, त्यावर अर्थिंगला जोडलेली धातूची विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर चिवट कवच अशी तिची बांधणी असते. ही तार नागमोडी वळणांनी प्लॅस्टिकच्या जाळीवर चिकटवली की तिला 'तापक चटई' म्हणतात. लाकडी तक्त्यांच्या जमिनीखाली ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यात बसवलेली तार वापरतात. कोरियात कार्बनचा थर दिलेली पातळ फिल्मही बरीच चालते. फरशीखाली घालावयाची तर तारेची चटईच योग्य.

चटईची क्षमता दर चौरस मीटरला १०० ते २०० वॉट असते. या आकड्यामागे एक मर्यादा आहे. खोलीची हवा २० अंश आणि फरशी २९ अंश असेल, तर फरशीचा एक चौरस मीटर भाग ताशी साधारण १०० वॉट-तास एवढीच उष्णता खोलीला देऊ शकतो; त्यात निम्म्याहून अधिक वाटा प्रारणाचा आणि उरलेला हवेच्या अभिसरणाचा. अधिक उष्णता हवी असेल, तर फरशी अधिक तापवावी लागेल आणि मग ती पायाला सोसणार नाही. म्हणूनच कडाक्याच्या थंडीच्या प्रदेशात, भिंती-खिडक्यांतून उष्णता गळणाऱ्या जुन्या घरात केवळ फरशी तापवून खोली गरम होत नाही. तेथे ती पायांपुरती ऊब देते, खोलीसाठी दुसरी सोय ठेवावी लागते.

आता तारेखालच्या थराकडे वळू. चटईवर फरशी आणि तिचे ॲडहेसिव्ह मिळून दोन सेंटिमीटरचा थर आहे असे मानू. एक चौरस मीटर क्षेत्रात या थराचे तापमान दहा अंशांनी वाढवण्यास सुमारे ३६० किलोज्यूल उष्णता लागते. १५० वॉटची चटई ती ४० मिनिटांत पुरवते. परंतु चटई थेट दहा सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटवर टाकली आणि मध्ये उष्णतारोधक थर घातला नाही, तर तारेला ते काँक्रीटही तापवावे लागते. मग त्याच दहा अंशांसाठी साडेचार तास लागतात. शिवाय काँक्रीटखालची जमीन उष्णता सतत शोषत राहते, ती गळती यात धरलेलीच नाही. सकाळी सहाला स्नान करणाऱ्याने बटण केव्हा दाबावे, एवढ्यावरून फरक ध्यानात येईल. बार्बिकनच्या रचनेत काँक्रीटचे हे जडत्व हेच साधन होते, कारण रात्रीची वीज स्वस्त होती व ऊब दिवसभर हवी होती. न्हाणीघरात तास-दोन तासांची ऊब हवी असते. तेथे तेच जडत्व नुकसान करते. ही निवड आधी करावी लागते, फरशी बसल्यानंतर नाही.

उभारणी

कामाचा क्रम येथे फार महत्त्वाचा आहे. फरशी बसवणारा मिस्त्री आणि वायरमन या दोघांनी एकाच कामावर, एकमेकांशी बोलून काम करण्याचा प्रसंग आपल्याकडे विरळाच येतो आणि बहुतेक बिघाड तेथेच जन्मतात.

प्रथम खोलीचा नकाशा काढून त्यावर कायम राहणाऱ्या वस्तू दाखवाव्यात. कमोड, कपाट, वॉश बेसिनचा ओटा, दाराचे स्टॉपर यांच्याखाली चटई जाता कामा नये. उरलेल्या मोकळ्या क्षेत्राच्या किंचित कमी मापाची चटई घ्यावी. कारण चटई मोठी पडली म्हणून तार कापून लहान करता येत नाही. जाळी कापता येते, चटई वळवता येते, पण तार अखंडच राहिली पाहिजे. तिची लांबी कमी झाली की रोध कमी होतो, प्रवाह वाढतो आणि ती मर्यादेबाहेर तापते. तारेचे दोन पदर एकमेकांवर किंवा एकमेकांना चिकटूनही येऊ देऊ नयेत.

कोबा सपाट व कोरडा करून त्यावर उष्णतारोधक फळ्या चिकटवतात. एक्सपीएस नावाच्या दाट फोमच्या, दोन्ही बाजूंनी सिमेंटचा लेप दिलेल्या या फळ्या सहा मिलिमीटरपासून पुढे मिळतात. आपल्याकडे थर्माकोल म्हणून जो पांढरा पदार्थ मिळतो तो येथे चालत नाही. फरशीच्या भाराखाली तो दबतो आणि फरशी तडकते. फळ्यांवर चटई अंथरल्यावर तापमानाचा संवेदक बसवतात. तो तारेच्या दोन पदरांच्या बरोबर मध्ये, एका बारीक नळीत असावा; नळी अशासाठी की पुढे संवेदक बिघडला तर फरशी न फोडता तो ओढून काढता येतो. पन्नास रुपयांची ही नळी वाचवण्याचा मोह कोणी धरू नये.

यानंतर मल्टिमीटरने चटईचा रोध मोजण्याचे काम येते. उदाहरणार्थ, तीन चौरस मीटरची १५० वॉट दराची चटई एकूण ४५० वॉटची होईल. २३० व्होल्टवर तिच्यातून सुमारे दोन अँपिअर प्रवाह वाहील आणि तिचा रोध सुमारे ११८ ओम भरेल. चटईच्या वेष्टनावर हा आकडा छापलेला असतो. उणे पाच ते अधिक दहा टक्के इतका फरक सामान्यतः ग्राह्य धरतात. हे मोजमाप तीनदा करावे : चटई उलगडल्यावर, ती अंथरल्यावर आणि फरशी बसवून झाल्यावर. त्याबरोबर मेगर लावून तार व अर्थिंगची जाळी यांच्यामधील विद्युतरोधही तपासावा. फरशी बसवताना मिस्त्रीच्या थापीची धार तारेला लागली, तर ते या तिसऱ्या मोजणीत कळते, आणि ॲडहेसिव्ह ओले असते तोवर फरशी उचलता येते. दोन दिवसांनी कळले तर ती फोडावीच लागते. तिन्ही आकडे तारखेसह लिहून, अंथरलेल्या चटईच्या छायाचित्रासह घरमालकाने जपून ठेवावेत. पुढे पाच वर्षांनी टॉवेलच्या स्टँडसाठी फरशीला भोक पाडावयाचे झाले, तर ते छायाचित्रच उपयोगी पडते.

फरशी बसली म्हणून लगेच वीज सुरू करू नये. ॲडहेसिव्ह पूर्ण वाळण्यास आठवडाभर, सिमेंटचा जाड थर घातला असल्यास सुमारे चार आठवडे थांबावे लागते. घाईने तापवल्यास पाणी वाफ होऊन निघते आणि सांधे पोकळ राहतात. पोकळीतील हवा उष्णता अडवते आणि नेमकी तेथे तार अधिक तापते.

विद्युतसुरक्षेविषयी तडजोड संभवत नाही. ओल्या फरशीखाली २३० व्होल्टची तार आहे, हे सतत लक्षात ठेवावे. या मंडलाला स्वतंत्र एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असलाच पाहिजे. गळणारा प्रवाह ३० मिलिअँपिअरला पोहोचेपर्यंत हे साधन वीज तोडते. चटईच्या धातूच्या जाळीलाही अर्थ तेव्हाच आहे, जेव्हा घराला खरे अर्थिंग आहे. आपल्या भागातील कित्येक घरांत तीन पिनांचा सॉकेट असतो, पण त्याच्या वरच्या छिद्रामागे एकही तार नसते. अशा घरात आधी अर्थिंगचा खड्डा घ्यावा, मग गरम फरशीचा विचार करावा. थर्मोस्टॅट न्हाणीघराच्या बाहेर बसवावा.

वापर आणि आपली बैठक

आता फरशीच्या वरच्या बाजूकडे. तापक चटई ही ठरावीक वॉटची असते; वीज चालू असेपर्यंत ती तेवढी उष्णता निर्माण करीतच राहते. ही उष्णता वर जाऊ शकली नाही, तर फरशीचे तापमान चढत जाते. युरोपीय घरात फरशीवर फार तर पायपुसणे पडते. आपल्या घरात काय पडते? पाहुणे आले की कापसाच्या गाद्या. आठ सेंटिमीटरची कापसाची गादी उष्णतेला इतका अडथळा करते की, १०० वॉटची उष्णता तिच्यातून पार व्हावयाची तर गादीच्या खालच्या व वरच्या बाजूंत सैद्धांतिकदृष्ट्या दीडशे अंशांहून अधिक फरक पडावा लागेल. प्रत्यक्षात उष्णता आजूबाजूला व खाली पसरते, त्यामुळे तापमान तितके चढत नाही; पण ते २९ अंशांवर थांबणार नाही, हे निश्चित. संवेदक खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, उघड्या फरशीखाली असेल, तर त्याला याचा पत्ताच लागत नाही. तो चटई चालूच ठेवतो.

परदेशातील मराठी घरांत हा प्रसंग सहज संभवतो. भारतातून आलेल्या आजी-आजोबांना मऊ पलंगावर झोप येत नाही, म्हणून दिवाणखान्यात जमिनीवर गादी घातली जाते. त्याच जमिनीवर चौरंग मांडून सत्यनारायण होतो, लोकरीच्या घड्या घातलेल्या आसनावर तास-दीड तास बसणे होते, तान्ह्या बाळाला गोधडीवर निजवले जाते. कोरियन लोक तापत्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या झोपत आले, हे खरे. परंतु त्यांची जमीन आणि अंथरूण दोन्ही त्या हिशोबाने घडलेली आहेत. युरोपात विकली जाणारी चटई खुर्ची-पलंगाच्या घरासाठी बनवलेली असते आणि तिच्या माहितीपत्रकात जाड आच्छादनाची मनाई केलेली असते.

यातील धोका केवळ यंत्रणेचा नाही. ४४ अंश तापमानाच्या पृष्ठभागाशी त्वचेचा सलग सहा तास संपर्क राहिला तर भाजते, हे मॉरिट्झ व हेन्रिकेस यांनी १९४७ मध्ये प्रयोगांनी दाखवले आहे. त्यापुढे दर अंशागणिक हा अवधी साधारण निम्मा होत जातो. ४४ अंश म्हणजे चटका बसण्याइतके नव्हे. निरोगी माणूस अशा वेळी झोपेतही कूस बदलतो. परंतु दीर्घकाळच्या मधुमेहाने ज्यांच्या पावलांची संवेदना बोथट झाली आहे, त्यांना हे कळतच नाही, आणि अशा पावलावरची साधी जखमही महिनोन्‌महिने भरत नाही. गुडघेदुखीसाठी 'जरा शेक बसू द्या' म्हणून गरम फरशीवर पाय पसरून डुलकी घेणाऱ्या वृद्धांबाबत घरातील तरुण मंडळींनी हे ध्यानात घेतले पाहिजे. तान्हे मूलही स्वतःहून बाजूला सरकू शकत नाही.

यावर उपाय अवघड नाहीत, मात्र ते यंत्रणा बसवण्यापूर्वी करावयाचे आहेत. जेथे गाद्या पडणार, देव्हारा व चौरंग मांडला जाणार, तो भाग नकाशातच वगळावा. तेथे उष्णतारोधक थर घालून वर लाकडी जमीन केली तरी पुरेशी ऊब राहते. थर्मोस्टॅटमध्ये फरशीच्या तापमानाची कमाल मर्यादा २७ किंवा २८ अंशांवर कायम करून ठेवावी आणि मोठ्या खोलीत दोन संवेदक बसवावेत. भाड्याच्या घरात आधीच बसवलेली यंत्रणा असेल, तर रात्री गादी घालण्यापूर्वी त्या खोलीचे तापन बंद करावे. फरशी तासाभरात निवते. बसावयाचे असेल तर पातळ सतरंजी चालते, घडी घातलेले घोंगडे नाही.

न्हाणीघराचे गणित मात्र निराळे आहे. तेथे कोणी गादी घालत नाही, क्षेत्र लहान असते, वापर थोडा वेळ असतो आणि तापलेली फरशी लवकर कोरडी होते. वृद्धांच्या घरात ओल्या फरशीवरून पाय घसरणे हीच अधिक मोठी आपत्ती असते, हे लक्षात घेता, या यंत्रणेचा सर्वांत समर्थनीय उपयोग प्रस्तुत लेखकास येथेच दिसतो.

खर्च आणि परळीचा कोळसा

वर उदाहरणादाखल घेतलेली ४५० वॉटची चटई रोज तीन तास चालली, तर महिन्याला सुमारे ४० युनिट वीज लागते. प्रत्यक्षात थर्मोस्टॅट मधून मधून वीज तोडतो, म्हणून आकडा याहून कमी येतो. हा खर्च मध्यमवर्गीय कुटुंबाला जड नाही. पण हाच विचार ६० चौरस मीटरच्या संपूर्ण घरासाठी केला, तर एका वेळचा भार सहा किलोवॉटवर जातो आणि दिवसाला आठ तास चालल्यास महिन्याला चौदाशेहून अधिक युनिट लागतात. ब्रिटनमध्ये २०२५ साली घरगुती विजेचा दर प्रतियुनिट पंचवीस पेन्सच्या आसपास, तर वायूचा सहा-सात पेन्स होता. म्हणून तेथे संपूर्ण घर विजेच्या तारेने तापवणे परवडत नाही. संपूर्ण घरासाठी फरशीखाली गरम पाण्याचे नळ घालून ते वायूच्या बॉयलरला किंवा हीट पंपाला जोडतात. हीट पंप बाहेरच्या हवेतील उष्णता आत ओढून आणतो आणि एका युनिट विजेत तीन-चार युनिट उष्णता देतो. तार एका युनिटात एकच युनिट देते. विक्रेते तारेची 'शंभर टक्के कार्यक्षमता' सांगतात ती खोटी नसते, पण पुरती खरीही नसते.

बीड जिल्ह्यातील वाचकांना हे समजावून सांगण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. परळी वैजनाथच्या औष्णिक विद्युत केंद्रात कोळसा जाळून पाण्याची वाफ होते आणि वाफेवर जनित्र फिरते. कोळशातील उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. बाकीची उष्णता धुराड्यातून आणि शीतकरण मनोऱ्यांतून निघून जाते. उरलेल्यातला काही भाग वाहिन्यांत गळतो. एवढे सोसून घरी आलेल्या विजेची आपण तारेत पुन्हा उष्णताच करावयाची! एका युनिटमागे अर्धा किलोहून अधिक कोळसा आणि त्याच्या जोडीला पाणी खर्ची पडते. पाण्याअभावी परळीचे संच २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये बंद ठेवावे लागले होते. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, तेथे विजेपासून ऊब करण्याचा विचार करताना निदान हा हिशोब नजरेसमोर असावा.

पालीच्या हवामानात

बीडपासून जवळच, बालाघाटच्या पायथ्याशी आणि बिंदुसरा प्रकल्पाच्या सान्निध्यात वसलेल्या पालीसारख्या गावात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे बऱ्यापैकी गारठा असतो. पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. शेतात हुरड्याच्या आगटीभोवती आणि पारावर शेकोटीभोवती माणसे बसतात. पण दुपारपर्यंत ऊन तापते आणि पक्क्या घराचे काँक्रीट दिवसभर ऊन पिऊन रात्री ते हळूहळू सोडते. वर्षातून फार तर पाच-सहा आठवड्यांच्या पहाटे जाणवणाऱ्या या गारव्यासाठी शहाबादी फरशी उखडून तार घालणे युक्त नाही. सतरंजी, पायात कापडी सपाता आणि न्हाणीघरात लाकडी पाट एवढ्याने भागते. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपण्याची रीत मात्र काही घरांत अद्याप आढळते. कोरियातील मृत्यू ज्या वायूने झाले तोच वायू तिच्यातूनही निघतो, तेव्हा तिच्याऐवजी विजेची कोणतीही सोय श्रेयस्कर समजावी.

पालीची खरी अडचण एप्रिल-मे महिन्यांत, पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा असते. फरशीखाली किंवा छताच्या काँक्रीटमध्ये पाण्याचे नळ घातलेले असतील, तर त्यांतून उन्हाळ्यात थंड पाणी खेळवता येते. इन्फोसिस कंपनीने हैदराबादच्या आपल्या एका इमारतीत अर्ध्या भागात नेहमीची वातानुकूलन यंत्रणा आणि अर्ध्या भागात छताच्या काँक्रीटमध्ये नळ घालून तुलना केली. नळांच्या भागाला सुमारे ३४ टक्के वीज कमी लागल्याचे आढळले. त्यासाठी पाणी बंद वळणात फिरत राहते, ते संपत नाही. हवा दमट असेल तेव्हा मात्र थंड पृष्ठभागावर दव धरते. म्हणून जूननंतर तापमान जपावे लागते. मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असल्याने येथे या पद्धतीला अनुकूलता अधिक आहे. नवे घर बांधताना ज्यांना फरशीखाली किंवा स्लॅबमध्ये काही घालण्याची हौस आहे, त्यांनी कोबा टाकण्यापूर्वी अभियंत्याशी या नळांविषयी बोलून घ्यावे. विजेच्या तारेला फक्त तापवता येते.